काँटेसा, फोकबोट की व्हेगा: जुनी लांब कीलची छोटी बोट घेताना

प्रश्न थोडक्यात असा. छत्रपती संभाजीनगरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आणि साऊथॅम्प्टनला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा मिळून 25 ते 27 फुटी जुनी शिडाची बोट घेणार आहेत. लांब कीलचीच (कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड कणा) हवी, हे ठरलेलं आहे. हातात सगळं मिळून 9,000 पौंड. तीन बोटी पाहून ठेवल्या आहेत: 1974 ची काँटेसा 26 (मागणी 7,500 पौंड, इंजिन 2016 मध्ये नवीन बसवलेलं, डोलकाठीच्या तारा 2009 च्या), 1958 ची लाकडी नॉर्डिक फोकबोट (3,500, मालक म्हणतो फक्त रंग द्यायचा आहे) आणि 1973 ची अल्बिन व्हेगा (4,800, शिडं चांगली, इंजिन मूळचंच). वडील उन्हाळ्याचे तीन महिने तिकडे राहणार. त्यांची उंची 5 फूट 8 इंच आणि गुडघे कुरकुरतात. पुढेमागे बोट नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयात, आणता येईल का, हेही विचारलं आहे.

साहेब, फोकबोट आजच यादीतून काढा. काँटेसा 5,800 च्या आसपास सुटली तर तुमच्या हिशेबात बसते. व्हेगा तुमच्या गुडघ्यांना मानवेल, पण ही व्हेगा नव्हे. इंजिन आधीच बदललेली दुसरी शोधा. नाथसागराचं उत्तर ‘नाही’ असं आहे, त्याची कारणं शेवटी.

आधी तिघींमधला फरक आकड्यांत बघू, कारण लोक इथेच फार वेळ घालवतात. नॉर्डिक फोकबोट 7.68 मीटर लांब, 2.20 रुंद, पाण्याखाली 1.20 मीटर, वजन 1,930 किलो. काँटेसा 26 ही डेव्हिड सॅडलर यांनी फोकबोटीवरूनच बेतलेली: 7.77 मीटर लांब, 2.29 रुंद, पाण्याखाली 1.22, वजन सुमारे 2,450 किलो. व्हेगा पेर ब्रोहॉल यांची: 8.25 मीटर लांब, 2.46 रुंद, पाण्याखाली 1.17, वजन 2,300 किलो. अशा बोटीचा कमाल वेग पाण्यालगतच्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून 1.34 ने गुणलं की फोकबोटीला 5.9, काँटेसाला 6.1 आणि व्हेगाला 6.4 नॉट (तासाला सागरी मैल) येतात. म्हणजे दिवसभराच्या प्रवासात चार-पाच मैलांचा फरक. त्यापायी डोकं शिणवू नका.

लांब कील म्हणजे कील पोटाखालून मागपर्यंत जाते, सुकाणू तिच्याच मागच्या कडेला टांगलेलं असतं आणि इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) दोघांच्या मधल्या खाचेत बसतो. फायदा सरळ आहे. बोट दिशा धरून चालते, सुकाणू आणि पंखा झाकलेले राहतात, खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर सहसा अडकत नाहीत आणि ओहोटीला धक्क्याच्या भिंतीला टेकवून बोट कीलवर उभी करून पोट धुता येतं. एकट्याने पृथ्वी प्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीचे नियम अशाच कीलच्या बोटी मागतात. अभिलाष टॉमी 2022 च्या शर्यतीत दुसरे आले ते रस्टलर 36 वर, तीही याच घराण्यातली. एकट्याने, न थांबता पहिली पृथ्वी प्रदक्षिणा करणाऱ्या सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सुहेली ही बोट तर मुंबईत सागवानात बांधलेली. पण या नावांच्या वलयाला भुलू नका. महासागरात जो गुण, तो मरीनात, म्हणजे बोटी दाटीने बांधायच्या धक्क्यात, अवगुण ठरतो. मागे जाताना लांब कीलची बोट सुकाणूला दाद देत नाही. पंखा उजव्या फेऱ्याचा असेल तर रिव्हर्स टाकताच मागचा भाग डावीकडे ओढला जातो. म्हणून जागा घेताना डावी बाजू धक्क्याला लागेल अशीच घ्या, आणि मरीनापेक्षा खुल्या पाण्यातलं मूरिंग (तळाशी पक्क्या केलेल्या साखळीला बोट बांधायची जागा) बघा. ते स्वस्तही पडतं. मात्र ओहोटीला पूर्ण उघडं पडणारं मूरिंग नको. तिथे आधार नसेल तर ही बोट कुशीवर आडवी होते. साऊथॅम्प्टनजवळच्या सोलंट सामुद्रधुनीची भरती-ओहोटी मोठ्या उधाणाला चार मीटरपर्यंत जाते. धरणात जी पातळी हलायला महिने लागतात, ती तिथे सहा तासांत हलते.

फोकबोट का नको? 1942 ची ही रचना सुंदर आहे, समुद्रात भक्कम आहे, वजनाच्या निम्म्याहून जास्त लोखंड तिच्या कीलमध्ये आहे. पण 1958 ची लाकडी बोट म्हणजे एकावर एक चढवलेल्या फळ्या, तांब्याचे रिव्हेट, वाफेवर वाकवलेल्या फासळ्या आणि बोल्टांनी लटकवलेली बिडाची कील. फासळ्या पोटाच्या वळणावर तडकतात, सगळ्यात खालची फळी कीलला मिळते तिथे गळते आणि कीलचे बोल्ट लाकडाच्या आत बारीक होत जातात. बाहेरून नट ठणठणीत दिसतो, मधली दांडी पेन्सिलीएवढी उरलेली असते. बोल्ट काढून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. शिवाय मूळ फोकबोटीचा कॉकपिट (सुकाणूजवळची उघडी बसायची जागा) आपोआप पाणी बाहेर टाकणारा नसतो. लाट आत आली की बादली हातात घ्यायची. वर्षातून तीन महिने येणाऱ्या माणसाने आणि नोकरी करणाऱ्या मुलाने लाकडी बोट सांभाळणं अवघड आहे. ‘फक्त रंग द्यायचाय’ असं म्हणणाऱ्या मालकाला एवढंच विचारा, की मग तुम्ही का नाही दिला?

काँटेसाचं अंग भक्कम. बॅलास्ट, म्हणजे बोट सरळ ठेवणारं कीलमधलं वजन, फायबरच्या आत बंद, कॉकपिट पाणी बाहेर टाकणारा. तान्या एबी 1985 ते 87 या काळात ‘वरुणा’ नावाच्या काँटेसा 26 वरूनच जगप्रदक्षिणा करून आल्या. उणं एकच, पण ते तुमच्यासाठी मोठं: केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही. पँट चढवायची तरी बसून. स्वयंपाक, नकाशा पाहणं, सगळं वाकून किंवा बसून. पाण्यापासून कडा कमी उंच असल्याने वाऱ्यात अंगावर शिंतोडे जास्त येतात. व्हेगात केबिनची उंची साधारण पावणेसहा फूट आहे, तुमचं डोकं जेमतेम बसेल. रुंदीही हाताशी जास्त. आणि व्हेगा 3,400 च्या वर बांधल्या गेल्या, म्हणून बाजारात निवड करायला वाव आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता पैशांचं बोलू, कारण निवड खरी इथे होते. या आकाराला 10 ते 14 अश्वशक्तीचं नवीन डिझेल बसवून घ्यायला 8 ते 10 हजार पौंड धरा. म्हणजे इंजिन बोटीपेक्षा महाग. डोलकाठीच्या सगळ्या तारा आणि त्या ताणायचे टर्नबकल बदलायला दीड ते अडीच हजार. सर्व्हेअरची फी आणि बोट पाण्याबाहेर काढण्याचं भाडं मिळून आठ-नऊशे. काँटेसा 5,800 ला मिळाली, तारांना 2,000 गेले आणि तपासणीला 850, तर 8,650 होतात. कसंबसं बसतं. त्या तारा आता लांबणीवर टाकता येणार नाहीत. इंग्लंडमधल्या विमा कंपन्या दहा-पंधरा वर्षांहून जुन्या तारांवर आक्षेप घेतात आणि त्या तुटून डोलकाठी पडली तर दावा अडतो. घासाघीस करताना हाच मुद्दा पुढे करा. व्हेगा 4,300 ला मिळाली तरी तिचं मूळ इंजिन बंद पडलं की हिशेब 13 हजारांच्या पुढे जातो. जुनी बोट विकून तिच्यात घातलेल्या इंजिनाचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. तो तोटा आधीच्या मालकाने सोसलेली बोट तुम्ही घ्यायची. आपल्याकडे जुना ट्रॅक्टर घेताना नुकतंच इंजिन काम झालेला शोधतात, तसंच हे आहे. फक्त ‘काम झालंय’ याची पावती आणि तारीख हवी, तोंडी नको.

या व्हेगाच्या मूळ इंजिनाबद्दल थोडं जास्त सांगतो. त्या काळच्या बऱ्याच व्हेगांत एक सिलिंडरचं व्होल्वो पेंटा एमडी6ए असे, दहा अश्वशक्तीचं. समुद्राचं खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवून ते गार होतं, त्यामुळे पन्नास वर्षांत ब्लॉकच्या आतल्या वाटा गंजून बुजतात. शिवाय अनेक व्हेगांत नेहमीचा गिअरबॉक्स नसून पंख्याची पातीच फिरवून पुढे-मागे जायची सोय आहे. ती झिजली की सुटे भाग शोधत बसावं लागतं, आणि इंजिन बदलायचं झालं तर शाफ्ट आणि पंखाही बदलावा लागतो. इंजिन पाहायला जाताना मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या सिलिंडरवर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा की आधीच गरम करून ठेवलंय. थंड इंजिन सुरू होताना पांढरा धूर थोडा येणारच. दहा मिनिटांनंतरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा असेल तर इंजिनावर भार जास्त आहे किंवा हवा कमी पडते आहे. ऑइलची पट्टी काढून बघा, तेल दुधाळ दिसलं तर तिथेच नमस्कार करून निघा. मागून धुरासोबत पाणी ठरावीक लयीत उसळत बाहेर पडायला हवं. नंतर धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच गिअरमध्ये टाकून अर्ध्या वेगाने 20 मिनिटं चालवा. नुसतं रिकामं घरघरणारं इंजिन काहीच सिद्ध करत नाही.

कुठलीही व्हेगा पाहाल तेव्हा डोलकाठीखालचा बीम तपासा. व्हेगाची डोलकाठी डेकवर उभी असते आणि खालच्या आडव्या बीमवर तिचा सगळा दाब येतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने आणि झिरपलेल्या पाण्याने हा बीम खचतो. डोलकाठीच्या बुडाशी डेकवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा, मधे फट दिसते का बघा. आत येऊन पुढच्या केबिनच्या दाराची चौकट पाहा. दार घासत असेल, नंतर कधीतरी रंध्याने छाटलेलं दिसत असेल, किंवा चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात तडा असेल तर बीम बसला आहे. दुरुस्ती होते: जाड बीम किंवा धातूची पट्टी आणि दोन बाजूंना खांब. ते झालेलं असेल तर उलट चांगलं. झालेलं नसेल तर हजार पौंड किमतीतून वजा करा. तारा ताणूनही सैल राहतात अशी मालकाची तक्रार कानावर आली तर कारण बहुधा हेच असतं.

डेक दोघींचा ठोकून बघा. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने हळू ठोकत पुढे सरका. टणक, स्वच्छ आवाज आला की ठीक. बद्द आवाज आला की वरच्या आणि खालच्या फायबरच्या मधला गाभा पाणी पिऊन कुजला आहे. आधी कठड्याच्या खांबांच्या पायाशी, मग तारा ज्यांना बांधतात त्या डेकमधून खाली जाणाऱ्या धातूच्या पट्ट्यांभोवती (चेनप्लेट), डोलकाठीभोवती आणि हॅचच्या कडेने. पाणी स्क्रूच्या भोकांतून शिरतं, म्हणून खराबी तिथूनच पसरते. तळहाताएवढी जागा असेल तर वरची कातडी कापून, कुजकं खरवडून, नवीन गाभा इपॉक्सीत बसवणं दोन-तीन दिवसांचं घरगुती काम आहे. बाजूच्या चालायच्या पट्ट्या पूर्ण बद्द वाजत असतील तर तो सौदा नको. चेनप्लेट स्टेनलेसच्या असतात, पण डेकच्या आत हवा न लागता ओल्या राहिल्या की दिसणार नाही अशा बारीक भेगा पडतात. सर्व्हेअरला सांगून एक तरी चेनप्लेट काढून बघा. तिच्यावर तपकिरी डाग आणि केसासारखी रेघ दिसली तर सगळ्या बदलायच्या.

कीलची तपासणी बोट पाण्याबाहेर काढल्यावर, त्याच दिवशी, अंग ओलं असतानाच करा. काँटेसा आणि व्हेगा दोघींत बॅलास्ट फायबरच्या आत आहे, म्हणून बोल्टची कटकट नाही. धोका वेगळा असतो: कधी खडकावर घासून तळाचं फायबर फाटलं आणि वरवर लिंपलं, तर आत पाणी बसतं. व्हेगाचा बॅलास्ट लोखंडी असल्याने तो गंजून फुगतो आणि बाहेरून पोटाला पोकळ आवाज येतो. तळाची कड हाताने चाचपा, दुसऱ्या रंगाचे ठिगळ शोधा, कुठून तांबूस ओघळ सुकत नसेल तर तिथे हात ठेवून विचारा. अंगावरचे फोडही त्याच दिवशी दिसतात. आठवडाभर सुकवलेल्या बोटीवर ते बसून जातात, म्हणूनच काही विक्रेते ‘बोट आधीच वर काढून ठेवलीय’ असं कौतुकाने सांगतात. 1970 च्या दशकातल्या बोटीला दहा-वीस फोड असणारच. फोडून, सुकवून, इपॉक्सीने भरायचे. पोटभर हजारो असतील तर किंमत निम्मी करा.

सुकाणू दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवा. किंचित खटखट चालेल, सेंटिमीटरभर हालचाल म्हणजे पायाशी असलेली खोबणी झिजली. तळाशी छोटं भोक पाडून पाणी टपकतं का हे सर्व्हेअर बघेल. पोटातून जाणाऱ्या प्रत्येक पाइपचा सीकॉक, म्हणजे पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह, बंद-उघड करून पाहा. नंतर चाकूच्या टोकाने थोडा खरवडा. पिवळा चमकला तर ठीक. गुलाबी, तांबट दिसला तर पितळेतलं जस्त समुद्राने खाऊन टाकलं आहे. तो हातात तुटून यायचा आणि बोट बांधलेल्या जागीच बुडायची. सगळे सीकॉक बदलायला फार खर्च नाही, पण बोट पाण्यात टाकण्याआधी बदला. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी वेगळ्या खणात आणि त्या खणाचं तोंड थेट बाहेर हवं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचून राहतो.

चालवून बघायला अर्धा दिवस ठेवा आणि हलक्या वाऱ्यात एकदा तरी दिशा पालटा. लांब कीलची बोट मधेच थांबून राहिली तर तो तिचा स्वभाव आहे, दोष नाही. आधी वेग घ्यायचा आणि सुकाणू एकदम न दाबता हळू फिरवायचं. वारा वाढल्यावर पुढचं शीड उलट्या बाजूला बांधून आणि सुकाणू अडकवून बोट उभी करून बघा. दोघीही शांत उभ्या राहायला हव्यात. तोच या घराण्याचा मोठा गुण.

कागदपत्रांत मूळ विक्रीपत्रापासून आजपर्यंतची साखळी आणि व्हॅट भरल्याचा पुरावा मागा. छोट्या बोटींच्या एसएसआर या ब्रिटिश नोंदणीचा कागद मालकीचा पुरावा नसतो, तो पाहून पैसे देऊ नका. सौदा ‘तपासणी समाधानकारक झाली तर’ या अटीवर लिहून घ्या आणि 10 टक्के इसार द्या. सर्व्हेअर तुमचा हवा, विक्रेत्याने सुचवलेला नको. किमती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरतात, कारण मालकाला हिवाळ्याचं भाडं टाळायचं असतं. मुलाला तोवर आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा ‘डे स्किपर’ कोर्स करून घेऊ द्या.

आता नाथसागर. पाणी किती आणि केवढं पसरलेलं, हे तुम्हाला सांगायला नको. पूर्ण भरल्यावर 350 चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं, पण सरासरी खोली काढली तर आठ-साडेआठ मीटरच येते, आणि कडेला तर मैलभर गाळपेर जमीन. सव्वा मीटर पाण्याखाली जाणारी बोट तिथे उतरवायलाच जागा नाही. वाळूजची हायड्रा क्रेन अडीच टन सहज उचलेल, पण काळ्या मातीत ती पाण्याच्या कडेपर्यंत जाणार कशी? ऑक्टोबरात बांधलेली बोट मार्चमध्ये चिखलात आडवी पडलेली सापडेल. पाण्याखाली उठलेल्या गावांचे चौथरे आणि बसाल्टचे कातळ आहेत, ते कुठल्या नकाशावर खुणा करून ठेवलेले नाहीत. आणि जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे पाटबंधारेसोबत वनखात्याची परवानगीही लागते. बोट भारतात आणायचीच ठरली तर ती मुंबई किंवा गोव्याच्या पाण्यात ठेवायची, पावसाळ्याचे चार महिने वर काढून. त्याआधी कस्टम एजंटकडून शुल्काचा लेखी हिशेब घ्या.

परवानगी मिळाली तर इकडच्या धरणांवर हात बसवायला मधली फळी वर ओढता येणारी डिंगी, म्हणजे छोटी उघडी शिडाची होडी, घ्या. एंटरप्राइज दोघांना पुरते, लेझर एकट्याला. लेझरचं अंग 59 किलो, दोघांनी उचलून गाळातून नेता येतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर पाण्यावर राहू नका. वळवाआधीचा झोत पाच मिनिटांत येतो आणि डिंगी उलटी करतो. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घालायचं. डोलकाठी उभी करण्याआधी डोक्यावर बघा. जलाशयाच्या कडेने उपसा मोटारींच्या विजेच्या तारा खूप खाली लोंबतात आणि अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी सहा मीटरहून वर जाते. डिंगी ढकलत नेतानाही आधी डोलकाठी आडवी करा, मगच हलवा.